हापशाच्या नावाची बाटली

पाणी तपासायच्या नोकरीत माझी अठरा वर्षं गेली, तरी अर्ध्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी दिवसभर घोट घेऊन बघते आणि पाणी गोड की मचूळ ते ठरवते. लग्नकार्यात कुणी ना कुणी तांब्या पुढं करून म्हणतंच, घ्या, तपासा. पूर्वी मी चिडायची. जंतू, नळ्या, दोन दिवसांची वाट, सगळं समजावून सांगायची. मग कळलं की कुणाला ते ऐकायचं नसतं. त्यानंतर घोट घ्यायची, झकास आहे म्हणायची आणि तांब्या परत द्यायची. गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून तेही बंद केलं. आता कुणी तांब्या पुढं केला की मी नको म्हणते आणि उठून जाते. लोकांना वाटतं बाईला नोकरीचा ताठा चढलाय. वाटू दे.

आमची प्रयोगशाळा नांदेडला एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. जंतूंना खायला म्हणून आम्ही तिथं एक जांभळट पातळ शिजवतो. त्याचा वास जिन्यापासून येतो, आणि नव्यानं आलेल्या माणसाला तो आठवडाभर धड जेवू देत नाही. ठरलेल्या दिवशी तालुक्यातालुक्यातून आरोग्यसेवक थर्माकोलच्या पेट्या मांडीवर घेऊन एसटीनं येतात. पेटीत बर्फ, बर्फात बाटल्या, बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी. चिठ्ठीवर गावाचं नाव, पाणी कुठून घेतलं ते, तारीख आणि घेणाऱ्याची सही. ते पाणी आम्ही जांभळ्या नळ्यांत घालतो. प्रत्येक नळीच्या पोटात एक इवली नळी उपडी सोडलेली असते. नळ्या दोन दिवस उबेच्या पेटीत ठेवायच्या. पाण्यात माणसाच्या नाहीतर जनावराच्या पोटातले जंतू असले की जांभळं पिवळं होतं आणि उपड्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. बुडबुडा दिसला की कागदावर 'पिण्यास अयोग्य', नाही दिसला की 'पिण्यास योग्य'. खाली दोन सह्या. एक तपासणाऱ्याची, म्हणजे माझी, आणि एक साहेबांची.

नोकरीला लागल्यावर आम्हाला लातूरला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथले शिकवणारे गुरुजी फार खडूस होते. बाटली हातात आली की आधी उजेडात धरून बघायची आणि काय दिसतं ते रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात लिहायचं, यावर त्यांचा कटाक्ष. गढूळ, पिवळट, तळाला गाळ, जे असेल ते. नळ्या नंतर. आम्ही त्यांच्या पाठीमागं हसायचो, कारण डोळ्यांना दिसणारे जंतू अजून जन्माला यायचेत. पण सवय लागली ती लागलीच.

बाटल्यांच्या बाबतीत एक गोष्ट आमच्यात सगळ्यांना ठाऊक असते आणि कागदावर कुठंच नसते. गावात पाणी सोडणारा, टाकीत जंतू मारायची पावडर टाकणारा जो पंचायतीचा माणूस असतो, त्याला जलसुरक्षक म्हणतात. बाटल्या भरायचं काम त्याचंच. चार बाटल्या दिल्या तर त्यानं चार ठिकाणी जाऊन त्या भराव्यात अशी अपेक्षा. तो पाण्याच्या टाकीखालच्या नळाशी उभा राहतो, चारही तिथंच भरतो आणि चिठ्ठ्या तेवढ्या चार नावांच्या बांधतो. टाकीत सकाळीच पावडर पडलेली असते, त्यामुळं निकाल उत्तम येतो. अयोग्य आलं तर ग्रामसेवकाला नोटीस, गावाला लाल कार्ड, वरून चौकशी. ते लचांड कुणाला हवंय? आमचा एक सहकारी असल्या बाटल्यांना सख्ख्या बहिणी म्हणायचा. पेटी उघडली की म्हणायचा, आल्या बघा चार सख्ख्या बहिणी, वेगवेगळ्या आडनावांनी. आम्ही हसायचो. मीही हसायची, हे लिहून ठेवते.

माझं माहेर मुखेड तालुक्यात आहे. गाव नाल्याच्या एका अंगाला, आमची वस्ती दुसऱ्या अंगाला. गावात टाकी आहे, घरोघर नळ आहेत. नळाचा पाइप नाल्यापर्यंत येतो आणि तिथं थांबतो. तो पलीकडं का येत नाही याची कारणं दर निवडणुकीला नवी असतात. वस्तीला एक हापसा आहे, बुद्धविहाराच्या मागं. त्याचे आतले पाइप जुनाट, गंजलेले, त्यामुळं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि भांड्यात चार-सहा तास राहिलं की तळाला लालसर रेघ धरतं. लहानपणी रात्रीची घागर सकाळी न हलवता वरच्यावर ओतून घ्यायची, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं. वस्तीतल्या बायकांच्या जयंतीच्या पांढऱ्या साड्या त्या पाण्यात धुतल्या की पिवळट पडायच्या. म्हणून सगळ्या जणी जयंतीच्या आधी साड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन दूरच्या शेतातल्या विहिरीवर जायच्या. तेवढा एक दिवस तो मळेवाला काही बोलायचा नाही.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते थोरल्या चुलतीनं. मी तिला मोठी माय म्हणायची. तिनं आयुष्यभर लोकांच्या शेतात खुरपलं आणि मला नांदेडच्या वसतिगृहात ठेवलं. गावातल्या एकदोघांनी तिला विचारलं होतं, पोरीला एवढं शिकवून काय करणार? ती म्हणाली होती, सही करंल. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण माझी सही ओळखता यायची. सुरुवातीच्या अक्षराला मी देते तो मोठा वळसा तिनं मनात पक्का धरला होता. कागदांच्या गठ्ठ्यातून माझ्या सहीचा कागद ती बरोबर काढून द्यायची.

नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी तिला सांगितलं की हापशाचं पाणी उकळून प्यायचं. तिनं कुरकुर केली. उकळलेलं पाणी मेल्यागत लागतं म्हणाली. पण उकळायची. सतरा वर्षं रोज एक पातेलं. शेजारणी हसल्या की ऐटीत सांगायची, आमच्या नांदेडच्या म्याडमनं सांगितलंय. आणि मी गेले की दर खेपेला एकच विचारायची, आपल्या हापशाचं पाणी तुझ्याकडं कवा येतंय? मी म्हणायची, येईल. येत नव्हतं. गावाच्या नावानं टाकीच्या बाटल्या यायच्या, हापशाची कधीच नाही. वस्ती चिठ्ठीवरसुद्धा नाल्याच्या पलीकडंच राहिली होती.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला की प्रत्येक गावातल्या प्रत्येक स्रोताचा नमुना आलाच पाहिजे. आषाढात मुखेडकडची पेटी आली, आणि तिच्यात आमच्या गावाच्या तीन बाटल्या होत्या. तिसरीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, वस्तीचा हापसा.

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. सतरा वर्षांनी आमच्या हापशाचं पाणी माझ्या टेबलावर आलं होतं. सवयीनं मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाणी आदल्या दिवशी सकाळी भरलेलं, म्हणजे त्याला दिवस उलटून गेला होता. तळाला रेघ नव्हती. मी बाटली तिरपी केली, पुन्हा सरळ केली, बोटानं टिचकी मारली. काही नाही. काचेसारखं पाणी. बाकीच्या दोन बाटल्या शेजारी धरल्या. तिन्ही सारख्या.

मला तिथंच कळलं. यात शंकेला जागा नव्हती. ज्या पाण्यावर मी वाढले ते पाणी मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? आमच्या गावचा जलसुरक्षक सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता. तो नाला ओलांडून आलाच नव्हता.

मी ती बाटली परत पाठवायला हवी होती. एक ओळ लिहायची होती, नमुना संशयास्पद, पुन्हा घ्यावा. मी लिहिली नाही. महिनाअखेर होती, पेट्यांचा ढीग लागला होता, हे खरं आहे. पण खरं कारण ते नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका दुसऱ्या गावातल्या आमच्या लोकांच्या वस्तीच्या विहिरीचा विषय धरून ठेवला होता. दोनदा फेरनमुना मागवला. तेव्हा चहाच्या वेळी एक ज्येष्ठ सहकारी हसत म्हणाले होते, ताईंना त्यांच्या लोकांचं फार लागतं. बाकीचेही हसले. मनाला लागलं ते लागलंच. तेव्हापासून चिठ्ठीवर वस्ती असं दिसलं की मी जास्तच कोरडी व्हायची. कुणी बोट दाखवू नये म्हणून आपल्याच माणसांच्या कागदाला मी दुसऱ्यांपेक्षा कमी वेळ द्यायची. याला मी निःपक्षपातीपणा म्हणत होते. भित्रेपणा होता तो, निव्वळ.

रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात मी लिहिलं, स्वच्छ, रंगहीन. नळ्या भरल्या. दोन दिवसांनी एकीतही बुडबुडा नव्हता. टाकीच्या पाण्यात असणार कसा? पिण्यास योग्य. खाली वळसा घालून सही.

कागद पंचायतीत गेला. तिथून मोठ्या मायनं तो कुणाला तरी सांगून झेरॉक्स करून आणवला. तिचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये उभी होते, एका हातात दांडी, एका हातात फोन. ती म्हणाली, तुझी सही आली माय आपल्या हापशाला. एवढी खूश मी तिला माझ्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. मी तेवढ्यात सांगू शकले असते, तू मात्र उकळतच जा. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, हं, बरं झालं, उतरल्यावर बोलते. उतरल्यावर भाजी घेतली, घरी गेले, विसरले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आरोग्य केंद्रातून निरोप आला की वस्तीत उलट्या-जुलाबाची साथ आहे. साहेबांनी गावाचं नाव वाचलं आणि जीप काढायला सांगितली. तिथं माझं माहेर आहे म्हणून मला नेऊ नये असं कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. मी रिकाम्या बाटल्या मोजून घेतल्या, विष्ठेच्या नमुन्यांच्या डब्या घेतल्या आणि पुढच्या सीटवर बसले.

विहारात ओळीनं माणसं निजवली होती. सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना आणि खुंट्यांना बांधल्या होत्या. गटारांच्या कडेनं पांढऱ्या पावडरीच्या रेघा ओढलेल्या, अगदी रांगोळीच्या हातानं. बैल गेला नि झोपा केला. ज्या पावलांनी इतकी वर्षं नाला ओलांडला नव्हता ती सगळी पावलं त्या दिवशी वस्तीत होती. सरपंच, ग्रामसेवक, दोन डॉक्टर, आणि एका कोपऱ्यात पोतं धरून उभा असलेला माझा वर्गमित्र. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. मी मान फिरवली.

हापशाचा ओटा एका बाजूनं फुटून खचला होता. सांडलेलं पाणी, गटाराचं पाणी, गुरांचं मूत, सगळं त्या भगदाडात मुरत होतं. मुद्दाम पाणी बाटवायचं ठरवलं तरी यापेक्षा बरी सोय करता आली नसती. मी वरचे जंतू मरावेत म्हणून हापशाचं तोंड जाळून घेतलं, दहा मिनिटं पाणी वाहू दिलं आणि बाटली भरली. बायका लांबून बघत होत्या. आमच्या शेजारची काकी पुढं आली. मला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. ती नुसतं म्हणाली, आता काय तपासून राहिली माय? एकदा तपासलं न्हवं? तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि मोठी माय कुठं आहे विचारलं. पहाटेच मुखेडच्या दवाखान्यात नेलं होतं.

मी आधी सगळे नमुने घेतले. अकरा डब्या, चार बाटल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. मग मुखेडला गेले. काम आधी केलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता की मी जाणं लांबवत होते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मोठी माय खाटेवर अर्धीही उरली नव्हती. डोळे आत गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती. मला बघून ती ओळखीचं हसली. मी तिच्याजवळ बसले तेव्हा ती हळूहळू सांगायला लागली. कागद आल्यावर तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर तसबिरींच्या खाली लावला होता. येईल त्याला दाखवला होता. वस्तीतल्या तीनचार घरांनी तिचं बघून पाणी उकळायला सुरुवात केली होती, त्यांनाही तिनंच सांगितलं की आता गरज नाही.

"तुझी सही बघितली अन् पातेलं पालथं घातलं," ती म्हणाली. "म्हनलं, लई वर्सं उकळलं."

मला तिथं गप्प बसता आलं असतं. नर्स सलाइन बदलत होती, शेजारच्या खाटेवरचं लेकरू रडत होतं, न बोलण्याला निमित्त भरपूर होतं. पण माझ्याच्यानं ते पोटात राहिलं नाही. मी तिला सांगितलं की बाटलीतलं पाणी आपल्या हापशाचं नव्हतं, टाकीचं होतं. रेघ नव्हती त्यात. मला बाटली हातात घेतल्याबरोबर कळलं होतं.

मला वाटलं तिला समजलं नाही.

"मंग सही काऊन केलीस?" तिनं विचारलं.

महिनाअखेर, चहाच्या वेळचं हसणं, वर्गमित्र, यातलं तिला काय सांगायचं होतं? मी तिचा हात धरून बसले. मग तिनं विचारलं, जेवलीस का. मी हो म्हणाले. तेही खोटंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिला नांदेडला हलवलं. लघवी बंद झाली होती. शेजारची काकी तिच्याबरोबर आली आणि खाटेपाशीच बसून राहिली. मी दवाखान्यातून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून दवाखान्यात अशा फेऱ्या घालत होते. नळ्या वाचायची वेळ झाली तेव्हा मी पेटी उघडली. सगळ्या पिवळ्या. एकूण एक उपड्या नळीत बुडबुडा. शेजारी उरलेल्या पाण्याची बाटली होती, तिच्या तळाला लाल रेघ. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, तळाला लालसर गाळ. पिण्यास अयोग्य. सही केली, पण वळसा नीट आला नाही. डब्यांमधल्या नमुन्यांत कॉलऱ्याचे जंतू निघाले. मी दवाखान्यात परत गेले तोवर मोठी माय बोलण्याच्या पलीकडं गेली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. वस्तीतलं आणखी एक म्हातारं माणूस त्याच आठवड्यात गेलं.

चौकशी झाली. चौकशीला एक माणूस लागतो आणि तो सापडायला वेळ लागला नाही. जलसुरक्षकानं कबूल केलं की बाटल्या त्यानं टाकीखालीच भरल्या. त्याला काढून टाकलं. जायच्या आधी तो मला भेटायला प्रयोगशाळेच्या जिन्यात उभा होता. मी त्याच्यावर तोंड टाकायचं ठरवूनच खाली उतरले. मी विचारलं, नाला ओलांडायला तुझ्या पायाला काय झालं होतं? त्यानं मान वर केली नाही.

"म्याडम, वस्तीत पाय ठिवला की बाया घेरतात. नळ कवा येणार, नळ कवा येणार. म्या काय सांगू? मला लाज वाटती. म्हनून जातच न्हवतो."

मी यावर विश्वास ठेवला की नाही? थोडा ठेवला. गावातल्या माणसाचे पाय आमच्याकडं न वळायला आणखीही कारणं असतात, ती त्यालाही ठाऊक होती आणि मलाही. पण सगळं खोटं बोलत होता असंही नाही. त्यानं माझी माफी मागितली. माझ्या मोठ्या मायच्या हातची भाकरी शाळेतून पळून येऊन त्यानं चोरून खाल्ली होती, हेही त्यानंच आठवण करून दिलं. माझ्या जिभेवर आलं होतं की बाबा, मलाही ठाऊक होतं. आलं, आणि तिथंच राहिलं. तो जिना उतरून गेला.

त्यानंतर मी साहेबांकडं गेले. जुनं रजिस्टर त्यांच्यासमोर उघडून पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. लाल रेघेचंही सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"मॅडम, हा रकाना कुणी वाचत नाही," ते म्हणाले. "तुम्हीही वाचू नका."

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडं सरकवलं. मी ते कपाटात ठेवलं. मला लेखी देता आलं असतं, कुणी माझा हात धरला नव्हता. मी साहेबांचं ऐकलं, कारण मला ऐकायचंच होतं. माझी नोकरी राहिली. त्याची गेली. ते रजिस्टर अजून त्याच कपाटात आहे, आणि मी त्या कपाटाकडं पाठ करून बसते.

हापसा दुरुस्त झाला. पाइप बदलले नाहीत, ओटा तेवढा नवा केला, भोवती उताराची नाली काढली, हापशात औषध सोडलं. नळ अजून नाल्याच्या अलीकडंच आहे. माघात मी स्वतः जाऊन बाटली भरली. कुणाच्या हातात दिली नाही, मांडीवर घेऊन नांदेडला आणली. सकाळी तळाला रेघ होती. ती बघून मला रडू आलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं, ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं. दोन दिवसांनी नळ्या जांभळ्याच राहिल्या. एकही बुडबुडा नाही. पिण्यास योग्य, आणि या वेळी खरोखर योग्य.

तो कागद टपालानं जाऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं. रविवारी स्वतः घेऊन गेले. आमच्या घराला कुलूप होतं, म्हणून शेजारच्या काकीकडं गेले. मनात ठरवून आले होते की तिला सगळं सांगायचं, बाटलीचं, रेघेचं, सहीचं. वस्तीत एका तरी माणसाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

काकीनं पदराला हात पुसून कागद घेतला. तिलाही वाचता येत नाही. तिनं खालच्या सहीकडं निरखून बघितलं, कागदाची घडी घातली आणि कोनाड्यात डब्याखाली ठेवला. मग पातेल्यात हापशाचं पाणी ओतून ते चुलीवर चढवलं. मी म्हणाले, चहा नको काकी. ती म्हणाली, चहाचं न्हाई, प्यायचं हाय. मी तिला सांगितलं की आता पाणी चांगलं आहे, मी स्वतः बाटली भरली, स्वतः तपासली. ती फुंकणी घेऊन जाळ करत राहिली. मग मी तिला ते दुसरं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, तिनं हातानंच थांबवलं.

"ठावं हाय मला. म्हातारीनं सांगितलं व्हतं दवाखान्यात, तू तिकडं नळ्या बघाया गेली व्हतीस तवा." जाळ पुढं सारून तिनं पुढचं सांगितलं. "म्हनली, पोरीला कुनी काय बोलू नका. पर तिची सही आली तरी पानी उकळूनच प्या."

पाणी उकळलं. तिनं ते खाली उतरवून झाकून ठेवलं. ते निवेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मग तिनं मला पेला भरून दिला आणि मी तो सगळा प्यायले.